‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय?

कचेरीतील इंग्रजी पत्राचा शेवट ‘प्लीज डू द नीडफुल’ या शब्दांनी करण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. पुण्यातील महाविद्यालये, बँका, महापालिका, जिल्हा परिषद, सर्वत्र ती सारखीच रुळली असून भ्रमणध्वनीवरील दोन ओळींच्या निरोपातही आता शिरली आहे. या प्रयोगाला ‘बाबू इंग्रजी’ म्हणून हसणारेही पुष्कळ. त्यांचे हसणे अज्ञानाचे आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत खुद्द इंग्लंडात हा प्रयोग प्रचलित होता. तिकडे तो मागे पडला, इकडे टिकला, एवढेच. व्याकरणदृष्ट्या त्यात काही वावगे नाही.

खोट आहे ती निराळ्याच ठिकाणी. तोंडी बोलताना ‘तेवढे बघा’ म्हटले की भागते. ‘तेवढे’ म्हणजे किती हे समोरच्यास ठाऊक असते; नसल्यास तो तिथल्या तिथे विचारतो. कागदाला ही सोय नाही. तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तेव्हा लिहिणारा तेथे नसतो. निवृत्त शिक्षकाने ‘माझ्या सेवापुस्तकाबाबत नीडफुल करावे’ असे कळविले, तर लिपिकाने करावे तरी काय? नोंद दुरुस्त करावी, प्रत द्यावी, की पडताळणीसाठी पुढे पाठवावे? अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत येतो किंवा फायलीत निजतो, आणि निवृत्तिवेतन अडते ते शिक्षकाचे. लिपिकाला दोष देणे सोपे आहे. परंतु ठरविण्याचे काम अर्जदारानेच त्याच्या गळ्यात घातलेले असते.

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराला मराठीचे अधिष्ठान दिले, पण ही खोड गेली नाही. तिने ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा मराठी वेष धारण केला. इंग्रजीत निदान ‘तुम्ही करा’ एवढे तरी अभिप्रेत होते. ‘व्हावी’ या क्रियापदाने कर्ताच नाहीसा केला!

कोणी म्हणेल, हे सौजन्य आहे. वरिष्ठाला अमुक करा असे सांगणे उद्धटपणाचे. पण आपल्या जुन्या पत्रलेखकांना सौजन्य कमी का ठाऊक होते? ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ ही त्यांची समाप्तीची ठरीव रीत. मात्र त्याआधी माणसे किती, रक्कम किती, कोणी कोठे जावे, हा मजकूर आलेला असे. सुज्ञपणावर हवाला ठेवायचा तो मजकूर सांगून झाल्यावर, मजकुराऐवजी नव्हे. पेठांतील दारांवरच्या पाट्यांनाही सौजन्याचे वावडे असेल, परंतु घंटी किती वेळा वाजवावी याविषयी त्या संदेह ठेवीत नाहीत.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सामान्य नागरिकाला नेमके लिहिण्याची सवय लावली, हा त्याचा फारसा न बोलला गेलेला लाभ होय. कोणती माहिती हवी याचा तपशील अर्जात द्यावा लागतो आणि उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. ‘योग्य ती माहिती मिळावी’ एवढ्यावर तेथे निभावत नाही.

तेव्हा आमच्या त्या शिक्षकाने ‘१९९८ सालच्या वेतनवाढीची नोंद सेवापुस्तकात घेऊन साक्षांकित प्रत मला द्यावी’ असे लिहावे. त्याखाली ‘डू द नीडफुल’ घालण्यास मग कोणाचीच हरकत असणार नाही.