गोष्ट कुणाच्या तोंडून?

सीव्ही अपडेट असो वा नसो, आपल्या लॅपटॉपवर एक फोल्डर हमखास असतं. नाव ‘कादंबरी’. आत एकच फाइल, फाइलमध्ये दीड पान. कॅरॅक्टर्स ठरलेली असतात, शेवटही ठरलेला असतो. घोडं अडतं ते पहिल्याच वाक्यात. ‘मी’ म्हणायचं की ‘तो’?

प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तसा तो नसतो. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला काय कधीच कळणार नाही, हे त्या एका सर्वनामावर ठरतं. ‘मृत्युंजय’च घ्या. १९६७ मध्ये आलेल्या या कादंबरीत शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही बोलतं केलं. का? तर कर्णाला स्वतःच्या जन्माचीच गोष्ट ठाऊक नाही! आणि स्वतःच्या मरणानंतरचं तो सांगणार कसा? त्यासाठी शेवटी कृष्ण लागतो.

त्याच्या कितीतरी आधी हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ थेट यमूच्या तोंडून सांगितली. लेखक पुरुष, ‘मी’ म्हणणारी बाई. त्यांनी स्वतःच उपदेश केला असता, तर स्त्रियांच्या हालअपेष्टांवर एक निबंध झाला असता. वाचून आपण ‘अरेरे’ म्हणालो असतो आणि पान उलटलं असतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही ‘मी’ आहे, पण तो बाहेरून आलेला मास्तर आहे. तो बघतो, ऐकतो, आणि गोष्ट मात्र वाडीची होते.

आता आपल्या सोलापुरात या. ‘सेटलमेंट’ हा शब्द इथे आपण पत्त्यात अगदी सहज लिहितो. पण त्यामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरवणारा. तारेचं कुंपण, हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. मालती बेडेकर, म्हणजे विभावरी शिरूरकर, यांनी स्वातंत्र्यापूर्वी अशा वसाहतीच्या कामात अधिकारी म्हणून नोकरी केली. त्या अनुभवातून १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी आली. नोकरी साहेबाच्या खुर्चीतली, पण कादंबरीच्या मध्यभागी त्यांनी कुंपणाआतली माणसं ठेवली.

माझ्या फोल्डरमधली कादंबरी याच सेटलमेंटची आहे. म्हणून एक प्रयोग केला. संध्याकाळच्या हजेरीचा एकच प्रसंग, तीनदा लिहिला. आधी वही धरलेल्या क्लार्कच्या तोंडून. त्याला नावं माहीत, नियम माहीत, कोण आलं नाही तेही माहीत. का आलं नाही, ते नाही. मग रांगेतल्या आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून. बाप कुठे गेलाय ते त्याला ठाऊक आहे, पण कायदा नावाची काही चीज असते हे नाही. जगात सगळीकडे तार असतेच, असं त्याला वाटतं. तिसऱ्यांदा सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडून. त्याला दोन्हीकडचं सगळं माहीत. वाक्यं देखणी झाली, पण प्रसंग तिथल्या तिथे मेला. कारण कुणालाच काही कळायचं राहिलं नव्हतं.

मुलाचा ‘मी’ सगळ्यात जास्त खुणावतो. पण तिथेच थांबावं लागतं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ चं. ही आत्मकथनं आहेत. त्यातला ‘मी’ ही लेखनातली युक्ती नाही. इतकी वर्षं आपल्याबद्दल दुसरेच बोलत होते, आता आम्ही बोलतो, असं सांगणारा तो ‘मी’ आहे. तो शब्द इतक्या किमतीला मिळाल्यावर आपण एसीत बसून तो उसना घ्यायचा, म्हणजे जबाबदारी आली ना, बॉस!

म्हणजे दुसऱ्याचा ‘मी’ लिहूच नये? तसं नाही. आपट्यांनी लिहिलाच की. फक्त एक साधी टेस्ट करा. निवेदकाला काय काय माहीत नाही, याची यादी काढा. यादी कोरी राहिली, तर तो निवेदक नाही, त्याच्या कपड्यांतले तुम्हीच आहात. माझा आठ वर्षांचा मुलगा मधेच ‘अन्याय’ म्हणाला, तेव्हा मला ते लगेच दिसलं. तो शब्द त्याचा नव्हता, माझा होता.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. मी कुंपणाबाहेरचा, त्यामुळे गोष्ट सांगेल तो क्लार्क. त्याच्या यादीत पहिलीच ओळ आहे: मुलाचा बाप कुठे गेला? वहीत तो रोज ‘गैरहजर’ लिहितो आणि पुढचं नाव पुकारतो. एक दिवस मात्र त्याला पुढचं नाव पुकारता येणार नाही. कादंबरी तिथून सुरू होईल.

तुमच्या दीड पानात कोण बोलतंय? आणि त्याला काय माहीत नाही?