भगंदर कापण्याआधी

गुदद्वाराजवळ पू वाहणारा मार्ग म्हणजे भगंदर. त्याचा रोगी उशिराच दवाखाना गाठतो. जागाच अशी की घरच्यांनाही सांगवत नाही. महिनोन् महिने पू वाहतो, बसणे नकोसे होते, आणि मग 'विनाऑपरेशन, गॅरंटीने' असे लिहिलेली पहिली पाटी जवळची वाटते.

बहुतेकांचे भगंदर साधे असते आणि त्यावर क्षारसूत्रासारखा चांगला उपाय आपल्याकडे आहे. थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे २१ लेप दिलेला, मार्ग हळूहळू कापणारा हा दोरा बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा वापरात आणला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ सालच्या अभ्यासात वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले. जखम भरायला मात्र दुप्पट वेळ लागला.

पण भगंदराच्या मुळाशी क्रोन्स हा आतड्याचा आजार असेल, तर कापणारा दोरा काय आणि सुरी काय, दोन्ही घात करतात. क्रोन्सच्या साधारण पाचांतल्या एका रोग्याला भगंदर होते. काहींना तर पोटाची तक्रार सुरू होण्याआधीच. आतला दाह धगधगत असताना मार्ग कापला की जखम भरत नाही. पुन्हा कापले, स्नायू गेला, की शौचावरचा ताबाच जातो. हे रोगी बहुधा ऐन तरुण असतात.

इथे सर्जनने हात आवरता घ्यायचा असतो. भूल देऊन तपासायचे, एमआरआय काढायचा, साठलेला पू मोकळा करायचा आणि मार्गात न कापणारा सैल दोरा ठेवायचा. पुढचे काम इन्फ्लिक्सिमॅबसारख्या दाह शमवणाऱ्या औषधांचे. मार्ग बंद करायची शस्त्रक्रिया गुदाशयातला दाह शमल्यावरच. आपल्याकडे आणखी एक पेच असतो तो क्षयाचा. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि इन्फ्लिक्सिमॅबने शरीरात दबलेला क्षय उसळू शकतो. म्हणून क्षयाची तपासणी आधी.

धाराशिवात हे करता येण्यासारखे आहे. शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय जुने आहे. २०२२पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्ही महाविद्यालयांनी मिळून एक साधा नियम करावा: भगंदर वारंवार उलटत असेल, तोंडे अनेक असतील, सोबत जुलाब, पोटदुखी, वजन घटणे असेल, तर आतड्याची दुर्बिणीने तपासणी आणि क्षयाची चाचणी झाल्याशिवाय कोणीही कापू नये, दोराही आवळू नये. जिथे सोय नसेल तिथून रोग्याला चिठ्ठी देऊन सोलापूर किंवा लातूरला पाठवावे. आणि दुसऱ्यांदा ऑपरेशनला निघालेल्या रोग्याने लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना एवढे विचारावेच: माझे आतडे तपासले का?