घरबसल्या इंग्रजी : मळा कुणाचा?



मागच्या आठवड्यात एक माऊली आपल्या मुलीने लिहिलेला इंग्रजी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. सातबारा माऊलीच्या नावावर, मळ्यात विहीर काढायला कर्ज हवे. खरे तर असा अर्ज मराठीतही चालतो. पण पोर नववीत, इंग्रजीची हौस! तिने लिहिले होते, ‘माय मदर वॉन्ट्स अ लोन फॉर अ वेल इन हिज फील्ड.’ अर्ज घेणाऱ्याने विचारले, “मळा नवऱ्याचा ना? मग त्याची सही कुठाय?” अर्ज परत. एका शब्दापायी बाईची खेप वाया गेली.

मी पोरीला विचारले, “बाळ, ‘हिज’ का लिहिलंस?” म्हणाली, “मळा पुल्लिंगी ना, म्हणून.”

चूक खरी, पण डोके चालवून केलेली. आपल्या ‘तिचा’ या शब्दाला दोन टोके आहेत. पुढचे ‘ति’ मालकिणीकडे बघते, मागचे ‘चा’ मळ्याकडे. मळ्याच्या जागी गाय आली की ‘तिची’, वासरू आले की ‘तिचे’. इंग्रजीला हे शेपूट नाही. मालक बाई असेल तर ‘हर’, मग पुढे काहीही येवो : हर फील्ड, हर काऊ, हर काफ. नवरा पुरुष असला तरी ‘हर हजबंड’च! आणि मालक पुरुष असेल तर ‘हिज वाइफ’. एक बैल असो की चार, ‘माय बुलक’, ‘माय बुलक्स’. ‘माय’ जागचा हलत नाही.

आता बाजारात कुणी विचारले, हा बैल कुणाचा? ‘धिस इज माय बुलक’ म्हणा, नाहीतर ‘धिस बुलक इज माइन’. वस्तूचे नाव लगेच पुढे असेल तर ‘माय’, नसेल तर ‘माइन’. ‘माइन बुलक’ कधीच नाही. तसेच युअरचे युअर्स, हरचे हर्स, अवरचे अवर्स, देअरचे देअर्स. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे हिजच, बिचाऱ्याला दुसरा सदरा नाही.

एका बाबतीत मराठी श्रीमंत आहे. ‘थोरल्याने आपला वाटा विकला’ आणि ‘थोरल्याने त्याचा वाटा विकला’ यांत केवढे अंतर! दुसऱ्या वाक्याने भावकीत काठ्या निघतील. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘हिज शेअर’. म्हणून कागदावर स्वतःचा वाटा असेल तर ‘हिज ओन शेअर’ लिहावे, दुसऱ्याचा असेल तर सरळ त्याचे नाव घालावे. ‘आपली विहीर’ आणि ‘आमची विहीर’ यांचेही तसेच. इंग्रजीत दोन्ही ‘अवर वेल’. समोरचा त्यात धरला की नाही, कळत नाही. तिथेही नावे लिहिलेली बरी.

पोरीने अर्ज पुन्हा लिहिला. ‘हर फील्ड’ तर केलेच, शिवाय आईचे सातबाऱ्यावरचे पूर्ण नाव आणि गट नंबरही घातला. सोमवारी मायलेकी तालुक्याला जाणार आहेत.

तुमच्यासाठी दोन वाक्ये, इंग्रजीत करून ठेवा :
तिचा भाऊ आमच्या मळ्यात आहे.
ही विळी तुमची, ती माझी.
उत्तरे पुढच्या अंकी.