बारभाईंची बदनामी

समितीने कारभार करावा असे कोणी सुचविले की 'म्हणजे पुन्हा बारभाईच!' हा उपहास ठरलेला. वसई-विरारमध्ये तो अलीकडे अधिकच ऐकू आला. महानगरपालिकेची मुदत २०२० साली संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या सहीने चालले. त्या काळात 'बारा तोंडांपेक्षा एक सही बरी' असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ मला भेटले. ज्या शब्दाने ते समितीला हिणवीत होते, त्याचा इतिहास याच किनाऱ्याशी बांधलेला आहे हे त्यांच्या गावीही नव्हते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि संशयाचे बोट ज्यांच्याकडे होते ते चुलते रघुनाथरावच गादीवर आले. रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरविले. परंतु निवाडा अमलात आणील अशी सत्ता कोठे होती? ती सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन उभी केली. (बारा हा आकडा काटेकोर समजू नये, माणसे येत-जात होती.) गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने हुकूम सुटू लागले. मार्च १७७४ मध्ये रघुनाथरावांशी झालेल्या लढाईत त्रिंबकराव पडले, तरी मंडळ मोडले नाही. १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मले आणि काही आठवड्यांच्या त्या बालकाच्या नावे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविण्यात आली.

आता दुसरी बाजू पाहा. एकट्याच्या अधिकारासाठी झुरणाऱ्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली एवढ्या मनुष्यहानीने घेतलेली ही वसई! ती सोडावयास एक सही पुरली. उलट बारभाईंनी वाटाघाटी केल्या, पुरंदरच्या तहात बारा लाखांचा भुर्दंडही पत्करला, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेस शरण आणविले. १७८० च्या डिसेंबरात गेलेली वसई १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत मिळाली. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा बारभाई निर्दोष होते काय? मुळीच नाही. त्यांत रयतेचा एकही माणूस नव्हता. सारा भरणारा कुणबी वा भंडारी या मंडळाला कोण विचारणार होता? आणि माझ्या मते त्यांचा खरा दोष वेगळाच आहे. मतभेद उघड मांडण्याची आणि बहुमताने मिटविण्याची कोणतीही रीत त्यांनी घातली नाही. बापूंचे रघुनाथरावांशी असलेले धागे सर्वांना ठाऊक होते, पण त्यांची चर्चा बैठकीत न होता कानाकानांत होई. मग मतभेदाचे रूपांतर फितुरीत झाले. १७७८ साली मोरोबांनी उठाव केला व ते कैदेत गेले. पुढच्याच वर्षी बापूही किल्ल्यावर बंदिवान झाले. संघटनेत काम केलेल्या कोणासही हा क्रम परका वाटू नये.

उरले नाना. त्यांची बुद्धी, चिकाटी, हिशेबातील शिस्त यांबद्दल आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की त्यांनी मंडळ आपल्यात जिरवून टाकले. १७७९ नंतर पुण्यात बारभाई हे नावच राहिले. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, १८०० मध्ये नाना गेले, आणि मागे सल्ला देणारे कोणतेही मंडळ नव्हते. होते ते रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव. होळकरांकडून पुण्याजवळ पराभव होताच ते कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारणारा तह करून मोकळे झाले. तोही वसईस.