‘सेलू’ म्हटल्यावर एजंट परभणीला का गेला?

मागच्या हंगामात मोठे बाबांसाठी एक छोटा एआय एजंट बनवला. काम एकच: बाजार समितीचे भाव सांगायचे. आमचं गाव सेलू तालुक्यात, वर्धा जिल्हा. त्यांनी फोनवर बोलून विचारलं, “सेलूत आज कापूस कितीचा?” एजंटने दोन सेकंदात आकडा दिला. मोठे बाबा म्हणाले, “अरे, हा कुठला भाव सांगून राहिला?”

लॉग उघडला तर एजंट परभणीच्या सेलूला जाऊन आला होता. फरक फार नव्हता, आणि हेच वाईट. आकडा दुप्पट असता तर लगेच कळलं असतं. थोडक्यात चुकलेला भाव खरा वाटतो आणि माणूस त्यावर गाडी भरतो.

मला वाटलं मॉडेल ढ आहे. ढ मी होतो.

एजंट कसा चालतो ते बघा. मॉडेल स्वतः इंटरनेटवर जात नाही. आपण त्याला ‘टूल्स’ची यादी देतो: प्रत्येकाचं नाव, काय माहिती द्यायची आणि ते काय करतं याचं वर्णन. प्रश्न आला की मॉडेल ती यादी वाचतं, एक टूल निवडतं, रकाने भरतं. प्रत्यक्ष काम आपला प्रोग्राम करतो. आतला कोड मॉडेलला दिसत नाही, दिसतं फक्त वर्णन. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या एमसीपी या मानकातही हेच आहे.

माझं वर्णन होतं: ‘शेतमालाचे भाव देते.’ बस्स. नव्या पोराला एवढंच सांगून यार्डात पाठवलं असतं तर तोही चुकलाच असता.

वर्ध्याच्या आठ तालुक्यांपैकी तिघांची नावं दुसरीकडेही आहेत. सेलू परभणीत, आष्टी बीडमध्ये, कारंजा वाशीममध्ये. आपण बोलताना ‘कारंजा घाडगे’ की ‘कारंजा लाड’ हे समजून घेतो, मॉडेल नाही. त्यात भावाच्या यादीत आमची समिती ‘सिंदी(सेलू)’ अशी लिहिलेली. दुसरा घोळ कापसाचाच. शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलवर. व्यापारी बातम्यांत येतो तो रुईचा भाव, खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोवर. दोन्हीला लोक ‘कापसाचा भाव’च म्हणतात.

मग वर्णन असं झालं:

‘एका बाजार समितीतल्या एका शेतमालाचा दिलेल्या तारखेचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल. कापूस म्हणजे सरकीसकट. रुईचा दर इथे मिळत नाही. जिल्हा द्यावाच लागतो. माहीत नसेल तर विचारा, अंदाज करू नका. आवक नसेल तर उत्तर रिकामं येतं. जुना दर आजचा म्हणून सांगू नका.’

सोबत कोडमध्येही जिल्ह्याचा रकाना सक्तीचा केला, कारण वर्णन म्हणजे कुलूप नाही, मॉडेल कधी कधी ते डावलतंच. आता एजंट उलट विचारतो, “वर्ध्याचं सेलू की परभणीचं?” मोठे बाबांना याचाही राग येतो, तो भाग वेगळा.

हे घरगुती प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. राज्याने जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. महाविस्तार अ‍ॅपमध्ये शेतकरी मराठीत प्रश्न विचारतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. वर्णनात ‘कापसाचा हमीभाव’ एवढंच लिहिलं तर क्विंटलमागे ४०० रुपयांची चूक तिथेच बसली.

भाव सांगणं तरी वाचायचं काम आहे. कापूस महामंडळाला विकायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट लागतो. उद्या असं बुकिंग एजंटकडे दिलं तर ‘स्लॉट दाखवते’ आणि ‘स्लॉट बुक करते’ यांतला फरक वर्णनात ठळक हवा, आणि बुक करण्याआधी माणसाला विचारायची अट प्रोग्राममध्येच हवी.

माझी मागणी साधी आहे. सरकारी एजंटांच्या टूल्सची वर्णनं लोकांना वाचायला मिळावीत, मराठीत. ती तपासायला इंजिनिअर लागत नाही. ‘इथे जिल्हा कुठाय?’ हे मोठे बाबांनी पहिल्याच वाचनात विचारलं असतं.