सप्ताहात पत्रावळी कोण उचलतं?

आषाढीच्या आधी आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते. त्या वाटेवर अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर न बघता ‘माऊली’ म्हणतात. एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1912 साली मांडलं की, माणसं जमून विधी करतात तेव्हा त्यांचं आपसातलं नातंही नव्यानं पक्कं होतं. त्यानं लिहिलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवरून. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळलेल्या वारकऱ्याला ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पण आपल्याकडची गोष्ट तिथं संपत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र ब्राह्मण वेगळी, मराठा वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि ‘वाटचाल’ या लेखात त्याची खंत लिहून ठेवली. पंढरपूरला दलित संत चोखोबांची समाधी मंदिराच्या दाराशीच आहे. तरी दलितांना आत जाता यावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना तिथं उपोषणाला बसावं लागलं. नाशिकला काळाराम मंदिरातल्या प्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 मध्ये सत्याग्रह सुरू केला. तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. 1935 साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 1956 साली नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. धर्म नकोच, असं ते म्हणाले नाहीत. माणसाला माणूस मानणारा धर्म त्यांनी निवडला. आपण यावर शांतपणे विचार करायला हवा, कारण ज्या भजनानं माणसं जोडली जातात, ते संपल्यावर त्याच मांडवात ती वेगळीही बसवली जातात.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या दिंडीत, गावच्या सप्ताहात, जत्रेच्या महाप्रसादात नीट बघा. वाढायला कोण असतं? उष्ट्या पत्रावळी कोण उचलतं? वर्गणी सगळ्या वस्त्यांतून गोळा होते, मग कीर्तनकार ठरवताना त्या वस्त्यांतलं कुणी हजर असतं का? बाया रात्र रात्र भाकरी थापतात; त्यांच्यातल्या किती जणींना कमिटीत जागा आहे? ‘आमच्याकडं तसलं काही नाही’ हे उत्तर पटकन येतं. ते देण्याआधी ज्याला कधी बोलावणं गेलं नाही, त्याच्या घरी जाऊन विचारा.

यंदा सप्ताहाची पहिली बैठक सगळ्यांना वेळेवर निरोप देऊन सभामंडपात घ्या, बायांना सोयीच्या वेळी. पंगती जातवार, भावकीवार बसू देऊ नका. येईल तो ओळीत बसेल. वाढपाची, भांडी घासायची आणि पत्रावळी उचलायची पाळी चिठ्ठ्या टाकून लावा, आणि त्या चिठ्ठ्यांत पाटलांचं, सरपंचांचं आणि विणेकऱ्यांचंही नाव असू द्या.