बिननंबरी मोटार

मोटार विकत घेणाऱ्या माणसाची मला पूर्वी कीव येत असे. आमच्या भाईंदरात ती ठेवायला जागा नाही, चालवायला मोकळा रस्ता नाही, आणि हप्ता मात्र पहिल्या तारखेला दारात उभा! पण मोटार विकत न घेता घरीच बनवणारा माणूस त्याहूनही कीव करण्याजोगा असतो, हे ज्ञान मला गेल्या दोन वर्षांत झाले. तो माणूस म्हणजे आमचा भाचा.

भाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. कॉलेजात असताना पाचसात पोरांनी मिळून शर्यतीसाठी एक उघडी गाडी बनवली होती. तेव्हापासून याच्या डोक्यात मोटार शिरली ती बाहेर पडेना. "मामा, कारखान्यात तरी दुसरं काय करतात?" असे तो मला विचारी. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला माणूस. कारखान्यात काय करतात हे मला काय ठाऊक? उत्तर सुचेना, म्हणून मी त्याला चाळीस हजार रुपये दिले.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे पुष्कळ. त्यांतल्या एका गाळेवाल्याने कोपरा दिला. कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या मारुती आठशेचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले. नळ्या कापून, वेल्डिंग करून सांगाडा उभा राहिला. आमच्या सौभाग्यवतींनी सोफ्याच्या जुन्या कापडातून गाद्या शिवल्या. दीड वर्षाने, एका रविवारी, गाळ्यांच्या बंद आवारात नारळ फुटला.

पहिला मान मामीचा! दोन फेऱ्या उत्तम झाल्या. तिसऱ्या फेरीला ब्रेकचे पेडल तळाला गेले ते वर येईना. भाच्याने हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला आणि मोटार भांड्यांच्या खोक्यांच्या ढिगावर नेऊन थांबवली. त्या वेळी पातेल्यांचा जो नाद झाला, तो अजून माझ्या कानांत आहे. सौ. उतरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "बाकी बसायला छान आहे हो!" भाचा मात्र पांढराफटक पडला होता. ब्रेकच्या नळीच्या एका सांध्यातून तेल गळून गेले होते. त्या रात्री तो जेवला नाही. पुढचा महिनाभर त्याने एकूण एक नळी काढून नव्याने बसवली.

मग आम्ही कागदपत्रे आणि मोटारीचे फोटो घेऊन कचेरीत गेलो. मोटार नेली नाही, कारण बिननंबरी मोटार रस्त्यावर आणणे हाच गुन्हा. नंबर मिळाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि पडताळणीला आणल्याशिवाय नंबर मिळत नाही! दुकानदाराची गोष्ट निराळी. त्याच्याकडे त्यासाठी वेगळा परवाना असतो. आमच्याकडे फक्त भाचा होता.

साहेब भला माणूस होता. त्याने शांतपणे विचारले,

"विक्रीचा दाखला? नमुना २१?"

"विकत घेतलेली नाही, साहेब."

"मग गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला? नमुना २२?"

"उत्पादक मीच."

साहेबाने चष्मा काढला. "चासीचा नंबर?"

"एक," भाचा म्हणाला. त्याने पंचाने स्वतःच तो ठोकला होता.

साहेब हसला, पण कुचेष्टेने नव्हे. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. उत्पादकाचे नाव तिथे यादीतून निवडायचे असते. आपले नाव लिहायची सोय नाही. "केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९," साहेब सांगू लागला. "त्यातला नियम १२६. उत्पादकानं आपला नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा. पुण्याला टेकडीवर एआरएआय आहे, तिथं जा. पण ही १९६६ साली निघालेली संस्था कारखानदारांसाठी आहे. परीक्षेची फी हजारो गाड्यांवर वाटली तर परवडते, एका गाडीवर नाही. शिवाय २०१७ पासून नव्या नमुन्याला समोरून आणि बाजूनं आदळण्याची परीक्षा लागू झाली. तुझी एकच गाडी! ती आपटून पाहिली, तर नोंदवायला काय उरेल? आणि एप्रिल २०२० पासून धुराची मर्यादा भारत स्टेज सहाची. तुझं इंजिन त्यात बसेल?"

भाच्याने मान हलवली. मग साहेबाने अगदी हळू विचारले, "ब्रेक कोणी तपासले?"

खोटे बोलायला तेवढी संधी पुरेशी होती. पण भाच्याने पातेल्यांची हकीकत जशीच्या तशी सांगितली. साहेब म्हणाला, "हेच ते! त्या दिवशी खोकी होती. रस्त्यावर शाळेतली पोरं असतात. त्यांच्या आईबापांनी दाद कोणाकडे मागायची? नोंदणी नाही, म्हणून विमा नाही."

आम्ही उठलो. वाचकहो, मी रागावून परत येईन अशी माझीच अपेक्षा होती. पण घोडबंदर रस्त्यावर दीड तास बसमध्ये अडकून पडल्यावर माणूस विचार करू लागतो. साहेबाचे एकही वाक्य मला खोडता येईना.

आमचा भाचा काही पहिलाच नव्हे. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून लहानशी जीप बनवली. सुमारे साठ हजार रुपये खर्च, आणि फटफटीसारखी लाथ मारून सुरू व्हायची! डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कारागिराचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. गोष्ट गोड झाली खरी. पण प्रत्येक लोहाराला बोलेरो मिळत नाही, आणि लोहाराच्या जीपलाही नंबर मिळाला नाहीच.

दुसरी गोष्ट आमच्यापासून चारपाच स्टेशनांवरची, कांदिवलीची. वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण नोंदणीचा कागद हाती यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९. म्हणजे गच्चीवरच्या विमानाला अखेर नंबर मिळाला! मनात आणले तर सरकार एकेका यंत्राकडे पाहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. फक्त त्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात, एवढाच प्रश्न.

इंग्लंडात हा छंद जुना. तिथे मोटारीचे सुटे भाग पेट्यांतून मिळतात आणि गिऱ्हाईक घरी मोटार जोडतो. १९५७ साली लोटस सेव्हन निघाली तेव्हा तयार मोटारीवर भारी कर होता, सुट्या भागांवर नव्हता; मात्र जोडणीचे पुस्तक सोबत दिले की कर लागे. म्हणून कंपनी म्हणे मोटार सुटी कशी करावी याचे पुस्तक देई, आणि गिऱ्हाईक ते उलटे वाची! आज मात्र तिथे अशा मोटारींची कसून परीक्षा होते. २००९ पासूनच्या पद्धतीत सरकारी परीक्षक एकच मोटार घेऊन बसतो: ब्रेक, आरसे, धूर, आवाज, अंगाला लागेल अशी कड. नापास केली तर कारणांची यादी हाती देतो. ती दुरुस्त करायची आणि पुन्हा यायचे. मोटारीचे कुळशील नीट ठरत नसेल, तर ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतात. अनाथालाही आडनाव मिळते म्हणायचे!

माझे मागणे एवढेच आहे. परीक्षा सोपी करा असे मी म्हणत नाही. माझी बायको त्या मोटारीत बसली होती. पुण्याच्या टेकडीवर वर्षातून चार दिवस एकेकट्या मोटारींसाठी ठेवा. परवडेल अशी फी घ्या, डोळ्यांत तेल घालून तपासा, आणि खुशाल नापास करा. पण पाहून नापास करा. यादीत नाव नाही म्हणून परत फिरलेले पोर पुन्हा हातात पाना धरत नाही. नापास झालेले पोर मात्र सांधा कुठे गळला ते शोधत बसते. आमच्या घरी हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

२०२५ साली आमच्या मीरा-भाईंदरला ‘एमएच ५८’ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. तोवर आम्ही ठाण्याच्या शून्य चारवर भागवत होतो. ती बातमी वाचून भाचा म्हणाला, "मामा, गावाला नंबर मिळाला. आता राहिलो आपण!"

मोटार सध्या एका तंत्रशाळेत द्यायची ठरली आहे. तिथली पोरे तिचे ब्रेक सोडवून पुन्हा बसवायला शिकतील. "तो सांधा आधी दाखवीन," असे भाचा म्हणतो.

जाण्यापूर्वी दसरा आला. इमारतीतल्या सगळ्या वाहनांना हार चढले. सौ. हळदीकुंकवाचे ताट घेऊन गाळ्यात आल्या. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढले, चाकांना कुंकू लावले, पुढे नंबराच्या पाटीची जागा कोरी होती तिथे झेंडूचा हार बांधला, आणि भाच्याला म्हणाल्या, "चल, एक फेरी मार. मी बसते."

भाचा लगेच बसला नाही. आधी जमिनीवर आडवा झाला, बॅटरीच्या उजेडात चारही चाकांजवळच्या नळ्या एकेक करून पाहिल्या, आणि मगच मामीसाठी दार उघडले.